करंजाच्या डिझेलवर दौंडला

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोला, इथं दवाखान्यात लई कालवा हाय…

अगंबाई, स्वप्नाली मॅडम! व्हय, व्हय, मी भांडगावची रंगुबाईच… जीपवाल्या संपतनं कळवलं व्हय तुम्हाला?… न्हाई, मी दौंडातच हाय, सकाळपास्नं.

व्हय, माझी सून, नकुशी… मुलगी झाली. सव्वादोन किलो. ही काय, माझ्या मांडीवर झोपलीया… नकुशी अजून आतच, शुद्ध न्हाई तिला. रक्त लई गेलं तिचं. बाटली लावलीया. भेटू देत न्हाईत…

सांगते, सांगते… सकाळी सातला तिला अंगावर जाया लागलं. नववा महिना अजून भरला नव्हता, मॅडम. आन् टँकरवाल्यांचा संप, चौथा दिवस. पंपावर डिझेलचा थेंब न्हाई. संपतची जीप दारात, पर टाकी कोरडी…

आपलंच घातलं! बचत गटाच्या शेडमधलं, करंजाच्या तेलापास्नं केलेलं डिझेल. पंधरा लिटर होतं क्यानात…

संपत कसला तयार होतोय! मागल्या थंडीत आपल्याच डिझेलनं त्याचा फिल्टर तुंबला होता न्हाई का, लोण्यावानी घट्ट झालेलं… तेच काढलं त्यानं. म्हणलं, "संपत, मॅडमनी थंडीसाठी औषधाची बाटली दिलीया, तवापास्नं गोठत न्हाई. इहिरीवरचं इंजिन रोज सकाळी त्याच्यावरच चालतंय."

व्हय, व्हय, औषध तुम्ही सांगितलं तेवढंच घातलं. मापानं…

न्हाई, बंद न्हाई पडली. पाटसजवळ एकदा खाकरली. नकुशीचा हात गार पडत चालला होता… मग धरलाच जीपनं वेग, थेट दवाखान्याच्या दारात!

डॉक्टरीण म्हणल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर…"

असं कसं "माझं काय त्यात"? अवो ऐका ना… पहिल्या बारीला सगळ्या तेलाचा साबण झाला, आठवतंय? चाळीस लिटर! बाया रडल्या. आमचे मालक म्हणाले, बंद करा हे खूळ. आन् तुम्ही तळेगावच्या कॉलेजातनं, रविवारी, एस्टीनं आलात. म्हणालात, तेल वाईट न्हाई, जुनं झालंय, त्यातलं आम्ल वाढलंय. आधी ते कमी करायचं, मगच सोडा घालायचा… पाच रविवार आलात, मॅडम. मला अक्षर येत न्हाई, तर डब्यांना रंगाच्या पट्ट्या मारून दिल्यात. तांबडी आधी, निळी मागनं…

न्हाई, बोलू द्या मला. चहाशिवाय कधी काय घेतलं न्हाई तुम्ही आमच्याकडं. आज माझ्या घरात दोन जीव… थांबा हां, सिस्टर हाका मारतीया…

काय? शुद्धीवर आली?… खरंच?… काय म्हणली?…

मॅडम! मॅडम, नकुशी बोलली! "माझी पोरगी आणा" म्हणतीया!… अवो तुम्ही कशाला रडताय… मीबी न्हाई रडत, व्हय…

बरं, ठेवते आता. लेकराला धरायला दोन्ही हात लागतील मला.