काचेआडचा हात

नाही मावशी, काच उघडायची नाही — हातमोजे घालूनही नाही — आणि असं रागानं बघू नका, हात तुमच्या साधूबाबांचाच आहे, मी कुठे पळवून नेतेय? दीड महिन्यापूर्वी तुम्हीच तो शालीत गुंडाळून या प्रयोगशाळेत आणलात, वाळल्या कातड्याला कीड लागली म्हणून रडलात — कीड गेली, मनगटाची भेग सांधली, पाचही बोटं जागच्या जागी आहेत, हवं तर मोजा. पण आता तो या बंद पेटीतच राहणार, तुमच्या मठीतसुद्धा. तेवढं कबूल करून सही करा, की उद्या न्या. का म्हणजे? मघाशी सांगितलं ना — कातड्याच्या घड्यांत पांढरी पूड सापडली, तपासून घेतली, तर सोमल निघाला. विषच. तुमच्या सासऱ्यांनी कीड लागू नये म्हणून भुरभुरवला असेल, चांगल्या मनानं. ती पूड पुरती निघत नाही, मी हात टेकले. आणि तुमच्याकडे आजारी तान्ही पोरं त्या पंजाखाली निजवतात — पोरं हाती लागेल ते तोंडात घालतात, हे तुम्हाला मी सांगायचं?

काय म्हणालात? शिकलेल्यांचा विश्वासच नसतो? हे मला नका ऐकवू, दुसऱ्या कुणालाही ऐकवा. कारण — जाऊ दे, सही करा. नाही, ऐकाच आता. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. सहा दिवस तापानं फणफणली होती, डॉक्टर म्हणाले आपोआप उतरेल, आणि मी, पुस्तकं वाचून आई झालेली बाई, दर तासाला थर्मामीटर लावून वहीत आकडे लिहीत बसले. रविवारी इथे चिटपाखरू नव्हतं. तिला कडेवर घेऊन आले आणि बाबांच्या पंजाखाली ठेवली. दोनच मिनिटं — छे, दोन कसली, तिनं करंगळी घट्ट धरली आणि मला ती सोडवेना, इतकी शांत झाली होती. मग तीच मूठ तिनं चोखली. पुडीचा अहवाल आला बुधवारी. अहवालाआधी उघड्या हातानं शिवायचं नाही, हे इथे नव्यांना शिकवतं कोण? मीच.

ताप? हो, उतरला. सोमवारी सकाळी. हसू नका मावशी, तो सातव्या दिवशी उतरणारच होता — असं मी स्वतःला दिवसातून दहादा बजावते — आणि काल तिच्या लघवीचा नमुना तपासायला दिला, नवऱ्याला म्हटलं, नेहमीचीच तपासणी आहे. चार वाजता कळवतील. आता तुम्ही गावभर सांगणार, प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वतःचं लेकरू ठेवलं नि गुण आला. सांगाल, माहीत आहे मला. बोलून बसले, आता जीभ चावून काय उपयोग?

राहू दे मग तो कागद. सहीच्या भरवशावर मी नाही राहायची. पेटीची किल्ली माझ्याकडे राहील, उद्या पेटीबरोबर मीच मठीत येईन, आणि पहिली जी बाई लेकरू घेऊन तुमच्या दारात येईल, तिला मी सांगेन — ताप उतरला तेही, आणि चार वाजता जे कळेल तेही, जे असेल ते. तुम्ही शेजारी उभ्या राहा, नाहीतर नका राहू. — नको, माझ्या डोक्यावरून हात नका फिरवू. नको म्हटलं ना. उठा आता, पावणेचार झालेत; तो फोन मला तुमच्यासमोर घ्यायचा नाही.