कंबरेचं माप

नाही, नाही घेणार मी ही पँट आत. — अगं, वेळ आहे मला, मशीनही चालू आहे, तो प्रश्नच नाही. बस त्या स्टुलावर, कापडं सरकव बाजूला. दोन महिन्यांपूर्वी हीच पँट मी दीड इंच आत घेतली, बरोबर? आज परत दोन इंच सैल. डाएट करतेस? नाही. पळायला जातेस? नाही. मग कंबर गेली कुठे? — कामाचा ताण! वा. कोण म्हणालं, डॉक्टर? वाटलंच मला.

माझ्या बहिणीलाही ताणच होता म्हणे. धाकटी माझी, अकरा वर्षांनी लहान — म्हणजे जवळजवळ मीच वाढवलेली. भिंगरी म्हणायचो तिला, एका जागी म्हणून टिकायची नाही. पोहायला शिकवायची. रडणारी पोरं हसत पाण्यात उतरवायची. एकतिसाव्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं. पहिला डॉक्टर — खुर्चीतून उठला पण नाही — म्हणाला मूळव्याध, पाणी पीत जा. दुसरा म्हणाला टेन्शन. तिसरी बाई होती, वाटलं बाई आहे, ऐकून तरी घेईल — तिनं लोहाच्या गोळ्या दिल्या. बायकांच्या अंगात रक्त कमीच असतं म्हणे. अगं बाई, कमी आहे तर जातंय कुठून ते बघ ना! चौदा महिने चालला हा तमाशा. आणि शेवटी दुर्बीण घालून बघायला किती वेळ लागला? वीस मिनिटं. आतड्याचा कॅन्सर. यकृतापर्यंत गेलेला. त्यानंतर पाच महिने — बस, एवढंच.

ती गेल्यावर मी त्या पहिल्याकडे गेले. रीतसर नंबर लावून, दीड तास बाकावर बसून. "काय होतंय तुम्हाला?" म्हणाला. म्हटलं, मला काही नाही होत, माझ्या बहिणीला काय होत होतं ते विचारायला आलेय. त्याला आठवेना! कागद काढले, चष्मा पुसला, आणि म्हणतो कसा — "त्यांचं वय बघता शंका येण्यासारखं नव्हतं हो." वय! म्हणजे रोगानं आधी जन्मतारीख विचारायची होती का? ओरडले मी. बाहेरचे लोक उठून आत बघायला लागले. कंपाउंडरनं दंडाला धरून बाहेर काढलं मला. काढू दे. परत जाईन.

अशी बघू नकोस माझ्याकडे. वेडी नाहीये मी. — आम्हाला काय कळत होतं? आम्ही डॉक्टर थोडेच... एकदा तिनं मला संडासातून हाक मारली. "ताई, बघ ना गं जरा." मी बघितलं. लाल होतं सगळं. आणि मी — मला एका लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते त्या दिवशी — मी म्हटलं, काल बीट खाल्लंस ना, पाणी ओत आणि ये बाहेर. परत तिनं नाही बोलावलं मला. तीन वेळा कपडे आत घेतले मी तिचे. याच टेपनं. चौतीस, बत्तीस, साडेएकोणतीस — वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात. आरशासमोर उभी करून म्हटलं, काय सुंदर दिसतेयस गं बारीक झाल्यावर! डॉक्टरला शिव्या घालते मी, पण त्यानं तिला एकदाच पाहिलं होतं. मापं तर माझ्याकडे होती.

— रडत नाहीये. तू सांग. रक्त जातं? मान खाली नको घालू, लाजायचं काय त्यात? — कधीपासून? — आणि हे आईला पण नाही सांगितलंस!

ऊठ. घे ही पिशवी. आज, आत्ता जायचं, समोरून रिक्षा मिळेल. दुर्बिणीची तपासणी लिहून दे म्हणायचं, आणि "या वयात" म्हणाला की तिथंच ठाण मांडायचं, लिहून देईपर्यंत हलायचं नाही. — ताई-बिई म्हणू नकोस मला. जा. अगं, जा म्हणते ना!