दोनशे साडेसतरा किलो आणि एकविसावा रोजा

जबाब
धुळे, दिनांक २३ एप्रिल १९९०

माझे नाव कौतिक पुना झोपे, वय ५४ वर्षे, धंदा माध्यमिक शाळेत व्यायामशिक्षक, हल्ली राहणार देवपूर, धुळे, मूळ राहणार तालुका यावल, जिल्हा जळगाव.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, मी सन १९७१ पासून देवपुरात पांझरा नदीच्या काठी समशक्ती व्यायामशाळा विनावेतन चालवतो. इसाक खाजा पिंजारी, वय २३, यंत्रमाग कामगार, हा सहा वर्षांपासून माझ्याकडे शिकत होता. तो दिनांक १८ एप्रिल रोजी व्यायामशाळेत वजन उचलताना पडला व दिनांक २० रोजी सकाळी सरकारी दवाखान्यात मयत झाला. १८ तारखेला त्याचा रोजा होता. ते मला माहीत होते काय, असे मला विचारले आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी पुढील हकीगत सांगणे जरूर आहे.

व्यायामशाळेच्या दारावर नियम लिहिलेला आहे. 'जात, धर्म व उपास जोड्यांबरोबर बाहेर काढावेत.' अक्षर माझे आहे. आत कोणी कोणाला आडनावाने हाक मारत नाही. उपासाच्या नावाखाली कोणाला व्यायामात सूट मिळत नाही. ज्या देशात माणूस पाणी पिण्याआधी घागर कोणाची ते विचारतो, त्या देशात चार भिंती तरी अशा असाव्यात की जिथे फक्त लोखंडाचे वजन मोजले जाईल, माणसाचे नाही. हे मी चाळीसगावपासून यावलपर्यंत शेकडो सभांतून सांगितले आहे. या ठिकाणी हवालदार धनसिंग यांनी "सर, व्याख्यान नको, तारीख आणि वेळ सांगा," असे म्हटल्याने पुढचा मजकूर सोडून देतो.

सन १९८८ च्या नवरात्रात भटू नावाच्या माझ्या शिष्याने नऊ दिवसांचे उपास धरले व वजन कमी करून मागितले. मी दिले नाही. सर्वांसमोर त्याला भाकरी खायला लावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भटूने ती खाल्ली. त्याची आई बेबाबाई दुसऱ्या दिवशी दारापर्यंत आली, आत आली नाही, तशीच परत गेली. तेव्हा मला माझा विजय झाला असे वाटले होते.

इसाक शक्ती-उचल स्पर्धेत ७५ किलो वजनगटात होता. त्याची डेडलिफ्ट सर्वांत चांगली होती. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी उचलून गुडघे व पाठ सरळ करून ताठ उभे राहणे व पंचाने 'डाऊन' म्हणेपर्यंत तसेच थांबणे. त्याने २२५ किलो उचलले होते. दिनांक २९ एप्रिल रोजी जळगाव येथे निवड स्पर्धा होती. तेथे २३५ उचलले असते तर तो राज्याच्या संघात गेला असता व खेळाडू म्हणून सरकारी नोकरीसाठी अर्ज करू शकला असता. त्याचे वडील खाजाभाई गाद्या भरतात. कापसाच्या धुळीने त्यांची छाती गेली आहे.

मी इसाकसाठी बारा आठवड्यांचा तक्ता केला. सुरुवात ५ फेब्रुवारी. आठवड्यातून एकदाच जड डेडलिफ्ट. पहिल्या आठवड्यात १५७ किलोच्या आसपास, पाच वेळा, पाच सेट. पुढे दर आठवड्याला वजन वाढत जाते व वेळा कमी होतात. चौथा व आठवा आठवडा हलका, कारण शरीर उचलताना घडत नाही, उचलून झाल्यावर घडते. नवव्यात १९५ तीन वेळा, दहाव्यात २०७.५ दोन वेळा, अकराव्यात २१७.५ एकदाच. बारावा आठवडा विश्रांतीचा व लगेच स्पर्धा. तक्त्याखाली मीच लिहिले आहे की, एखाद्या आठवड्यातली उचल चुकली तर पुढच्या आठवड्यात वजन दहा टक्के उतरवावे. कारण विचारू नये, उतरवावे.

रमजान २९ मार्चला सुरू झाला. तक्त्यात नववा आठवडा २ एप्रिलला सुरू होतो. तक्ता करताना मी पंचांग पाहिले नव्हते. पाहिले असते तरी तक्ता बदलला नसता.

इसाक सकाळी सात ते दुपारी चार यंत्रमागावर काम करी व पाच वाजता व्यायामशाळेत येई. दर सोमवारी मी सर्वांचे वजन घेऊन वहीत लिहितो. इसाकचे वजन २६ मार्चला ७५.८ होते. ९ एप्रिलला ७३.९ व १६ एप्रिलला ७२.६ भरले. वही हजर करतो. ९ एप्रिल रोजी मी त्याला माठातले पाणी घेताना पाहिले. त्याने चूळ भरली व मोरीत टाकली. भटू शेजारीच होता. तो म्हणाला, "पानी गिळाले दाम लागस का रे भो?" इसाक म्हणाला, "तू तुनं वजन देख." दोघेही हसले. मी वहीत पाहत राहिलो.

दिनांक ११ एप्रिल रोजी दहाव्या आठवड्याची उचल होती. २०७.५ किलो एकदा उचलले गेले. दुसऱ्यांदा बार गुडघ्यापर्यंत येऊन थांबला व खाली गेला. माझ्याच नियमाप्रमाणे पुढच्या बुधवारी १९५ किलो द्यावयास हवे होते. मी तक्ता बदलला नाही. बदलला असता तर मुलांनी कारण विचारले असते. भटू तर नक्कीच विचारणार होता. बेबाबाईच्या मुलाला भाकरी व खाजाभाईंच्या मुलाला सूट, असे कोणी म्हणू नये म्हणून मी तक्ता बदलला नाही.

दिनांक १८ एप्रिल रोजी सायंकाळी सव्वापाच वाजता इसाक आला. व्यायामशाळेवर पत्रे आहेत. बाहेरचे ऊन बेचाळीस अंशांचे होते असे वर्तमानपत्रात वाचले. आत किती होते ते मोजलेले नाही. त्याने १००, १४०, १८० व २०० अशी चढती वजने उचलली. २०० नंतर तो बाकावर बसला. मला म्हणाला, "सर, आज बार जड वाटतोय."

मी म्हणालो, "बार तेवढाच आहे. तूच हलका झालास."

मुले हसली. तोही हसला व उठला. बारवर २१७.५ किलो चढवले. डेडलिफ्टला मागे माणूस उभा करण्याची पद्धत नाही. वेळ सहा वाजून दहा मिनिटे. बार सरळ वर आला, कोठे अडकला नाही. तो ताठ उभा राहिला. स्पर्धेत पंच उशीर लावतात म्हणून सरावात मी मनात तीनपर्यंत मोजून 'डाऊन' म्हणतो. ही माझी पद्धत आहे, इतर कोणाची नाही. मी दोनपर्यंत मोजले तेव्हा त्याचे डोळे वर गेलेले दिसले. मी तीन मोजले. 'डाऊन' म्हणण्याआधी त्याच्या हातातून बार सुटला व तो सरळ मागे पडला. बैठकांच्या लोखंडी स्टँडचा पाय त्याच्या डोक्याला मागून लागला.

भटूने त्याला उचलले. भटूनेच रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाणी केव्हा प्यायला होता असे विचारले. भटू म्हणाला, "पहाटे चार वाजता."

दिनांक १९ रोजी व्यायामशाळेचे अध्यक्ष बन्सीलालशेठ माझ्या घरी आले व म्हणाले, "सर, पाय घसरला म्हणा. फरशीवर घाम सांडलेला असतोच. रोज्याचा विषय निघाला तर गावात दोन्हीकडचे लोक गोळा व्हायला वेळ लागणार नाही. तुमचंच वीस वर्षांचं काम जाईल." फरशी कोरडी होती.

आता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दिनांक ८ एप्रिल, रविवार, सकाळी दहाच्या सुमारास इसाकची मोठी बहीण जैनब माझ्या घरी आली होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी आहे. घरी शिवणकाम करते. ती म्हणाली, "सर, इसाक सगळे रोजे धरतोय. तुम्ही काढून टाकाल म्हणून सांगत नाही. त्याची वेळ तेवढी साडेसातची करा. रोजा सोडून, पाणी पिऊन येईल. व्यायामशाळा नऊपर्यंत उघडीच असते ना."

मी म्हणालो, "आज वेळ सरकवली तर उद्या भिंत सरकते, जैनब."

त्यानंतर मी सुमारे अर्धा तास बोललो. काय बोललो ते सांगत नाही. चांगले बोललो. तिने मध्ये एकदाच म्हटले, "सर, अडीच तासच पुढे करायचे आहेत." शेवटी ती उठली व म्हणाली, "तुम्ही शाळेत पण असंच छान बोलायचे." "मी आले होते हे इसाकला सांगू नका," असेही म्हणाली. मी सांगितले नाही. त्या रविवारपासून मी रोज इसाकला समोर पाहत होतो व आम्हा दोघांत त्याविषयी एक शब्द झाला नाही. तो माझा नियम पाळत होता.

दिनांक २१ रोजी मी खाजाभाईंच्या घरी गेलो. खाजाभाईंनी मला बसायला स्वतः भरलेली गादी टाकली. ते विचारत होते, "सर, तुमको पता होता तो तुम रोकते ना?" जैनब आतून म्हणाली, "अब्बा, सरांना माहीत नव्हतं." नंतर दारापर्यंत येऊन मला हळूच म्हणाली, "पोलिसांनाही मी तेच सांगितलंय. तुम्हाला कोणी काही बोललेलं इसाकला चालायचं नाही." मी आयुष्यभर बोलून खाल्ले आहे. त्या दारात मी फक्त जोडे घातले व निघून आलो.

तरी सांगतो की, जैनबचा जबाब खरा नाही. मला दिनांक ८ एप्रिलपासून माहीत होते. तिने माझ्यासाठी खोटे सांगितले आहे, त्याबद्दल तिला दोष देऊ नये. तसेच हा मजकूर खाजाभाईंना मराठी वाचता येत नसल्याने कोणीतरी त्यांना हिंदीत समजावून सांगावा. तो मीच सांगावा असे हवालदार म्हणतात. येथून मी तिकडेच जात आहे.

हा जबाब हवालदार धनसिंग यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'माहीत होते' येथे ते थांबले व बदल करावयाचा आहे काय, असे दोन वेळा विचारले. बदल नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते बरोबर आहे, म्हणून सही करतो.

सही
कौतिक पुना झोपे

समक्ष
पोलीस हवालदार