एल्बो पिशवीत, बाबा बोटीवर

बोटींच्या सुट्या भागांच्या दुकानात रांग हलत नव्हती. पंपाचा पट्टा घ्यायला आलेल्या तरुणीच्या पुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याने पिशवीतून इंजिनाचा धूर बोटीबाहेर नेणारा वाकडा पाइप, एल्बो, काढला.

“बघ, गंजाने आतून पार खाल्लाय. नमुना आणला ते बरं झालं.”

“अहो, पण हा इथे, तर धूर जाईल कुठे?”

“सरळ केबिनमध्ये. म्हणून तर इंजिन बंद ठेवलंय.”

“केबिनमध्ये बाबा झोपलेत! दिवे मंदावले की बॅटरी चार्ज करायला ते इंजिन चालू करतात.”

“तू सांगितलंयस ना त्यांना?”

“मला वाटलं तुम्ही सांगितलंत!”

“घाबरू नकोस. किल्ली माझ्या खिशात आहे, ही बघ.”

“त्यांना किल्ली कधी लागली? स्टार्टरला स्क्रूड्रायव्हर टेकवून चालू करतात. तुम्हीच शिकवलंत, वर कौतुकही केलंत.”

“फोन लाव.”

“नुसता वाजतोय.”

“परत लाव. स्पीकरवर टाक.”

रांगेतले सगळे फोनकडे वळले. धूर किती वेळात भरेल हे काढायला तरुणीने मनातल्या मनात केबिनची लांबी, रुंदी, उंची गुणायला घेतली आणि सोडून दिली.

“हॅलो! बाबा, इंजिनाला हात लावू नका!”

“मघापासून चालू करायलाच बघतोय! नुसतं टकटक करतंय, फिरत नाही. जावईबापूंनी दिवा लावून काम केलं आणि बॅटरी पार मारून ठेवली. अक्कल गहाण टाकलीय का?”

“बाबा, आधी वर डेकवर या.”

“कशाला?”

“या ना. मग यांना हव्या तेवढ्या शिव्या द्या.”

“द्या, बाबा,” नवरा फोनजवळ वाकून म्हणाला. “मी ऐकतोय.”