दुसरी पेस्टी

...नाही, कोर्टातल्या ह्या रांगेचं मला काही वाटत नाही हो. तुमचा नंबर एकवीस, माझा तेवीस, आणि तो टोपीवाला म्हातारा अजून जावयाचे जुने खटले काढून घेतोय, दोन खोकी झाली, म्हणजे बसा निवांत... मला राग येतो तो ड्वाइटचा. ड्वाइट हेक्किनेन, माझ्या भावाचा जिगरी दोस्त. भाऊ म्हणजे आर्लो, आर्लो कांगस, मार्चमध्ये गोठलेल्या तलावावर स्नोमोबाइल चालवताना बर्फ फुटला आणि गाडीसकट आत गेला तो. सात आठवडे झाले. असो. तर मातीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, सगळे खाली माना घालून हॅम चावतायत, आणि हा ड्वाइट उठतो, कपावर चमचा वाजवतो आणि सुरू होतो, की अकरा वर्षांपूर्वी आर्लोनं काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक पळवला ना, तेव्हा शेजारच्या सीटवर कोण होतं, तर म्हणे हा स्वतः. हात काय फिरवतो, तोंडानं भोंगा काय वाजवतो! लोक हसले. हसू देत. पण माझी आई हसली हो. आर्लो गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या शेजारी बसलेलो, इतके दिवस तिचा हात धरून बसलेलो, मला एकदाही हसवता आलं नाही तिला, आणि हा माझीच गोष्ट सांगून हसवून गेला.

माझीच! कारण गाडीत मी होतो. तुम्ही परके आहात म्हणून सांगतो, घरी कुणाला ठाऊक नाही, पण गाडीत मी होतो.

मी बाराचा. शनिवारी सकाळी शेजारच्या काउंटीत माझी बर्फावरच्या हॉकीची मॅच, मोसमातली शेवटची, आणि रात्रभर एवढा बर्फ पडलेला की रस्ताच बंद. मी जिन्यावर बसून रडतोय. आई कामावर. आर्लो तेव्हा वीसचा, काउंटीच्या गाड्यांच्या शेडमध्ये कामाला. माझ्याकडे बघितलं, बूट घातले, गेला, आणि वीस मिनिटांत दारात ट्रक! नारिंगी, घराएवढा, पुढं ते पातं. म्हणाला, रस्ता बंद आहे ना, चल, उघडू. वाटेत पंपावर दोन पेस्ट्या घेतल्या, त्या करंजीसारख्या, आत खिमा-बटाटा, गरम, आणि सतरा मैल आम्ही रस्ता साफ करत गेलो. मी त्याला विचारलं, तुला ओरडणार नाहीत का? म्हणाला, का ओरडतील, बर्फच काढतोय, चोऱ्या करतोय का.

आता धरला कसा गेला, तर तुम्ही इथलेच, तुम्हाला कळेल. काउंटीची हद्द आली की ट्रक मागं फिरतो की नाही? फिरतोच. पलीकडची वीतभर जमीनसुद्धा कधी कुणी साफ करत नाही, मग पलीकडं बाई बाळंत होत असेना. आणि आर्लो हद्द ओलांडून पुढं नऊ मैल गेला! पलीकडं एक माणूस बर्फातून पत्रपेटी उकरत होता, त्यानं बघितलं की त्या काउंटीचा ट्रक आपला रस्ता साफ करतोय. फावडं टाकून फोनकडं पळाला. चोरीचा संशय आला म्हणे त्याला. चांगुलपणाचा आला नाही, चोरीचा आला!

मला आर्लोनं रिंकच्या दारात उतरवलं. म्हणाला, केनी, आत जा, स्केट घाल, आणि हे कधी कुणाला सांगायचं नाही, आईला तर नाहीच. मी आत जाऊन एकटाच बसलो, कारण रस्ता बंद म्हणून समोरची टीम आलीच नव्हती. आमचीही नव्हती. बाहेर त्याला बेड्या घालत होते आणि मी आत लेस बांधत होतो. आईला सांगितलं, शेजाऱ्यांनी सोडलं. अकरा वर्षं तोंड मिटून बसलो. आणि ड्वाइट? त्या शनिवारी ड्वाइट दाढ काढायला गेला होता! गाल टम्म सुजलेला, मी सोमवारी डोळ्यांनी बघितलाय.

तर मी ठरवलं, कागद आणायचा. कोर्टाचा कागद, शिक्क्याचा. पोलिसांनी चौकशी केलीच असेल, मी कुठंतरी असणारच त्यात. तो ड्वाइटच्या तोंडावर फेकायचा आणि मग आईपुढं ठेवायचा.

तर आधी गेलो आमच्याच काउंटीच्या कोर्टात. माणूस राहायचा तिथं, मग त्याचा गुन्हाही तिथंच असणार, असंच वाटतं ना कुणालाही? तिथं लोकांसाठी एक कॉम्प्युटर ठेवलाय. कांगस टाकलं. माझ्या काकाचे अकरा खटले आले. एका चुलतभावाचे चार, त्यातले दोन तर हरणाच्या शिकारीचे. आर्लोचं काहीच नाही. खिडकीतला पोरगा म्हणाला, अभिनंदन, स्वच्छ आहे तुमचा भाऊ. म्हटलं, नाही हो, नीट बघा, त्यानं केलाय गुन्हा! शेजारी एक बाई नवऱ्याची फाइल घेऊन चाललेली, ही एवढी, दोन्ही हातांनी धरलेली, हनुवटीनं वरून दाबलेली. तुम्हाला खोटं सांगत नाही, मला तिचा हेवा वाटला. त्या बाईला नवरा केवढा मिळाला, आणि मला भाऊ एक कागदसुद्धा नाही.

तीन खेपा झाल्यावर झाडूवाल्यानं सांगितलं. झाडूवाल्यानं! म्हणाला, कुठं धरला त्याला? म्हटलं, पलीकडं. म्हणाला, मग पलीकडं जा ना वेड्या, जिथं धरला तिथला खटला.

म्हणून इथं. ह्या व्हर्नाबाई आहेत ना खिडकीत, चष्म्याला साखळी लावलेल्या, त्यांनी फॉर्म दिला. पूर्ण नाव, जन्मतारीख. मी भरून दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि दुसरा कोरा फॉर्म पुढं सरकवला. जन्मतारखेच्या जागी मी मार्चमधली तारीख लिहिली होती. ती तारीख. दुसऱ्या फॉर्मवर दिवस बरोबर लिहिला तर वर्ष येईना. आपल्या भावाचं वर्ष! ड्वाइटला आलं असतं, म्हणून आणखी संताप. शेवटी बाईच बोटांवर मोजू लागल्या, तू बाराचा तर तो वीसचा ना, मग काढ... पुढं म्हणाल्या, खटला लहान करून मिटवलेला दिसतोय, जुना आहे, तळघरात असेल, मंगळवारी ये पोरा.

मंगळवारी आलो. सहा कागद. सहा! आणि ते वाचले मी, तिथं, त्या कोपऱ्यातल्या बाकावर, बोट ठेवून ठेवून. मला वाचायला वेळ लागतो.

पोलिसानं लिहिलंय, ट्रकमध्ये दोन पेस्ट्यांचे कागद सापडले, एकात रस्सा, एकात केचप. आणि जज विचारतो, शपथेवर विचारतो बरं का, तुझ्याबरोबर कोण होतं? आर्लो म्हणतो, कुणी नाही, साहेब. जज म्हणतो, मग दुसरी पेस्टी कुणाची? आर्लो म्हणतो, माझीच. भूक लागली होती. जज म्हणतो, एक रश्शाबरोबर आणि एक केचपबरोबर? हो साहेब. जज म्हणतो, मी जन्म इथं काढला, दोन्ही खाणारा माणूस अजून बघितला नाही. आर्लो म्हणतो, साहेब, मी मोकळ्या मनाचा आहे.

अहो, केचपचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही त्याला! मी केचप घेतलं की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा, म्हणायचा, केनी, तू कांगस नाहीस, तुला कुठूनतरी उचलून आणलाय. आणि तो माणूस बायबलवर हात ठेवून सांगतो की केचपवाली पेस्टी मी खाल्ली. कोर्टाच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसायची शिक्षा झाली, चाळीस तास. ह्याच पायऱ्या. तुम्ही आता चढून आलात त्या.

म्हणजे बघा, सहा कागद, खाली लाल शिक्का, आणि त्यात मी नाही. कुठंच नाही. आता मी होतो म्हणायचं तर भाऊ शपथेवर खोटं बोलला म्हणायचं. गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं? पण म्हटलं, ठीक आहे, मी नाही तर नाही, ड्वाइटसुद्धा नाही ना! कुणी नाही, साहेब! तसाच तडक त्याच्या गॅरेजवर गेलो, गाडीखालून पाय ओढून बाहेर काढला त्याला आणि म्हटलं, वाच.

त्यानं हात पुसले. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हा एवढा धटिंगण माणूस टायरवर बसून रडायला लागला हो. म्हणाला, बघ केनी. बघ कसा माणूस होता. शपथेवर विचारलं तरी माझं नाव घेतलं नाही.

गाडीत मी होतो! मी त्याला डोळे पुसायला फडकं दिलं, आणि तो कागद घेऊन गेलाच, सरळ आईकडं. मी पोचलो तर दोघं स्वयंपाकघरात, ती मोठ्यानं वाचतेय, मोकळ्या मनाचा आहे म्हणे, आणि हसतेय, आणि डोळे पुसतेय, आणि ड्वाइटच्या पाठीवरून हात फिरवतेय. ड्वाइटच्या. मला म्हणाली, केनी, तुला नाही कळायचं रे, तू लहान होतास तेव्हा. म्हटलं, हो.

कागद तिनं फ्रिजवर लावले. मग ड्वाइटलाही हवेत. त्याला चौकटीत लावायचेत, गॅरेजमध्ये. आई म्हणाली, तूच जा, तुला तिथली माणसं ओळखीची झालीत, आणि तो बिचारा एकटा पडलाय रे.

एकटा. ड्वाइट.

...हो, हो, तेवीस, मीच. नमस्कार व्हर्नाबाई. तेच कागद, आर्लो कांगस. हो, शिक्क्याचे. नाव लिहा, ड्वाइट हेक्किनेन. नाही, एकच प्रत. मला नको. मला पाठ आहेत.