एसी खोलीतली गादी

दादरला झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. मग काय, माझे कान तिकडेच!

“दर्शना, कॉलेज बघून अ‍ॅडमिशन घेतेयस की एसी बघून?”

“हॉस्टेलचा एसी बघून. चाळीत घामाने वह्या भिजतात, आई.”

“खोली रिकामी होती ना?”

“वॉर्डन म्हणाल्या, जूनपासून कुलूप आहे. तरी एसी चालू होता. नुसता बर्फ. पण मी पलंगावर बसले तर गादी गरम.”

“म्हणजे?”

“कोणी नुकतंच उठल्यासारखी.”

“नको गं बाई. दुसरं कॉलेज घे.”

“सीट कन्फर्म केली मी, तिथेच बसून, मोबाईलवर. मग जरा सरकले.”

“सरकलीस कशाला?”

“आपली चाळीतली सवय. बाजूला कोणी येऊन बसलं की सरकतोच ना आपण.”