दोन बोटं खाली

पुतणी: हा रिव्ह्यू पण उडवते. बागेला दोन तारे. ‘झोपाळ्याची साखळी गंजली आहे.’

काका: गंजलीच होती.

पुतणी: काका, अहो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बागेतल्या झोपाळ्याला नावं ठेवतोय! तीही स्वतःच्या खऱ्या नावाने, फोटोसकट. नोकरी देणारे हल्ली आधी तुमचं नाव मोबाइलवर टाकून बघतात. आणि त्यांना काय दिसतं? दोनशे बारा तक्रारी.

काका: तक्रारी नाहीत. निरीक्षणं.

पुतणी: लग्नाच्या हॉलला लिहिलंय, ‘वधूवर छान. जिन्याचा कठडा हलतो.’

काका: वधूवर छान लिहिलंय की!

काकू: उडव गं सगळं. यांची कंपनी बंद पडल्यापासून आठ महिने घरात बसलेत. माझ्या शिलाई मशीनला काल तिसऱ्यांदा तेल घातलं. कपड्यांना डाग पडायला लागलेत.

पुतणी: सतरा अर्ज केले, तेव्हा कुठे एक बोलावणं आलंय. उद्या अकरा वाजता जायचंय आणि... थांबा. हे काय? डोळ्यांचा दवाखाना, एक तारा. ‘लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला ती पायरी दिसत नाही. ब्रेक झिजलाय. कंपनीला तीनदा फोन केला, कोणी आलं नाही.’ आणि खाली कंपनीचं नाव! काका, उद्या तुम्ही चाललात ती हीच कंपनी!

काका: माहितीये. लिफ्टमध्ये त्यांची पाटी होती.

पुतणी: माहिती असून गप्प बसलात? हा तर आधी उडवायला हवा!

काका: बाकीचे सगळे उडव. हा राहू दे.

पुतणी: पण का?

काका: काकूच्या गुडघ्याला विचार.

काकू: माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नका. बरा झालाय तो.

काका: त्या लिफ्टमधून उतरताना पडलीस आणि महिनाभर भिंत धरून चालत होतीस. हे बघ पोरी, हा खरा आहे. खरं लिहिलेलं काढायचं नाही. कळलं?

पुतणी: ...कळलं.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळ. काका दारात उभे, इस्त्रीच्या शर्टावर ग्रीसचे डाग.)

काकू: अहो, मुलाखतीला गेला होतात की मारामारीला?

पुतणी: ते राहू दे काकू. काका, झालं का?

काका: आधी पाणी दे. हं. तर साहेबांनी बसायला सांगितलं आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. माझाच रिव्ह्यू, छापलेला. म्हणाले, ‘मागच्या आठवड्यात हा वाचला, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आज सकाळी बघतो तर गायब. का काढलात?’

पुतणी: अरे देवा!

काका: मी म्हटलं, काढलेलाच नाही. मोबाइल उघडून दाखवायला गेलो, तर खरंच नव्हता.

पुतणी: काका... काल तुम्ही हात धुवायला उठलात ना, तेव्हा मी...

काका: ते मला तिथेच कळलं.

पुतणी: मग? माझं नाव सांगितलंत?

काका: तुझं कशाला? रिव्ह्यूवर नाव माझं. म्हटलं, चूक झाली, दहा मिनिटं द्या. आणि तिथेच बसून परत लिहिला.

पुतणी: त्यांच्यासमोर? एका बोटाने?

काका: तीन साहेब बघत बसले होते. खोटं कशाला सांगू, ही नोकरी गेली तर पुढचं बोलावणं कधी यायचं, हेच डोक्यात.

काकू: आणि तारे किती दिलेत?

काका: एकच. अर्धा देता येत नाही.

पुतणी: बाप रे! मग?

काका: मोठे साहेब उठले, गाडीची चावी घेतली आणि थेट दवाखान्यात. मी मोजायचा टेप लावला. साडेतीन सेंटिमीटर! साहेब त्यांच्या इंजिनिअरकडे बघतायत, इंजिनिअर छताकडे. मग सामान मागवलं, बाह्या दुमडल्या आणि बसलो कामाला. उरलेली मुलाखत लिफ्टच्या मशीनजवळ उभ्या उभ्याच झाली.

पुतणी: काका! म्हणजे मिळाली?

काका: सोमवारपासून. त्यांच्या एकशे चाळीस लिफ्ट आहेत. फिरून बघायच्या, आणि खटकेल ते लिहून द्यायचं.

पुतणी: म्हणजे आता कुरकुर करायचा पगार!

काका: निरीक्षणाचा.

काकू: हातात काही दिलंय का, की नुसतं तोंडी?

काका: पत्र आहे खिशात. त्यालाही ग्रीस लागलं असेल.

काकू: लागू दे. तसंच फ्रेम करून लावते भिंतीवर. आण इकडे.

पुतणी: काका, चुकलं माझं. मला वाटलं, तुमच्या भल्याचंच करतेय.

काका: ते कळतं गं मला. बरं, तो रिव्ह्यू उघड. खाली आजची तारीख टाक आणि लिही, लिफ्ट आता मजल्याला बरोबर लागते.

पुतणी: लिहिलं. तारे पाच करू?

काका: घाई नको. दुरुस्त मी केली, आणि पाच तारेही मीच द्यायचे? गुरुवारी तिथे काकूच्या डोळ्यांची तपासणी आहे. ती उतरताना बघतो, मग ठरवू.

काकू: त्यात बघायचंय काय? मी डोळे मिटून उतरेन.